मिठाने डाळीतील प्रथिने मरत नाहीत आणि टोफूत प्लास्टर नसते

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. डाळ शिजताना मीठ घातले की तिच्यातील प्रथिने ‘मरतात’. टोफू प्लास्टर ऑफ पॅरिसने गोठवतात, म्हणून तो आतड्यात दगडासारखा साचतो. आधी मीठ घातले तर डाळ शिजत नाही. वापरायचेच असेल तर सैंधव वापरावे, कारण त्याने प्रथिनांना धक्का लागत नाही. आणि प्रथिनांच्या पावडरी म्हणजे निव्वळ क्षार, असा त्याचा एकूण आशय आहे. माझ्या आत्याने तो वाचला आणि आजारपणानंतर आहारतज्ज्ञाने सांगितलेला टोफू बंद केला. वरणही ती अळणी खाऊ लागली आणि अळणी वरण जात नाही म्हणून तेही निम्म्यावर आले. सत्तरी ओलांडलेल्या, पूर्ण शाकाहारी बाईच्या ताटातून प्रथिनांचे दोन मुख्य पदार्थ एका निनावी मजकुरामुळे कमी व्हावेत, हे मला मुकाट्याने पाहवत नाही.

पहिला मुद्दा सर्वांत निराधार आहे आणि बाकीची भीती त्याच्यावरच उभी आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात थॉमस ऑस्बर्न या रसायनशास्त्रज्ञाने बियांमधील प्रथिनांचा अभ्यास करण्यात आपले आयुष्य घालवले. कोणते प्रथिन कशात विरघळते यावरून त्याने त्यांचे चार गट पाडले: नुसत्या पाण्यात विरघळणारी, मिठाच्या सौम्य द्रावणात विरघळणारी, अल्कोहोलमध्ये विरघळणारी आणि आम्ल किंवा अल्कलीत विरघळणारी. ही वर्गवारी आजही वापरात आहे. तूर, मूग, हरभरा, सोयाबीन यांच्या दाण्यात साठवलेली बहुतांश प्रथिने दुसऱ्या गटातली, म्हणजे ग्लोब्युलिन प्रकारची असतात. शुद्ध पाण्यात या प्रथिनांच्या रेणूंवरील धन आणि ऋण भार एकमेकांना ओढतात आणि रेणूंचे पुंजके होऊन ते तळाशी बसतात. मिठातील सोडियम आणि क्लोराईडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मध्ये आले की ही ओढ सैल पडते आणि प्रथिन पाण्यात उतरते. ज्या मिठाला संदेश मारेकरी ठरवतो, त्या मिठाच्या आधारानेच ही प्रथिने दाण्यातून बाहेर काढता येतात.

ऑस्बर्न यासाठी बहुधा 10 टक्के मिठाचे द्रावण वापरत असे. आपल्या वरणातले मीठ त्याच्या कितीतरी खाली, साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. भांगेच्या बियांतील एडेस्टिन हे प्रथिन त्याने मिठाच्या कोमट द्रावणात विरघळवून, ते द्रावण थंड करून, स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. पुढे 1909 पासून येल विद्यापीठातील लाफायेट मेंडेल यांच्यासोबत त्याने अशी वेगळी केलेली प्रथिने उंदरांना खाऊ घातली. मक्यातील झाइन या प्रथिनावर उंदरांची वाढ झाली नाही, कारण त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले जवळजवळ नसतातच. एडेस्टिनवर मात्र ते वाढले. मिठाने प्रथिन ‘मेले’ असते, तर मिठातून काढलेल्या त्या प्रथिनावर एकही पिल्लू वाढले नसते. एवढा एक पुरावा मला पुरेसा वाटतो.

मीठ फार वाढवले तर उलट घडते, हेही सांगायला हवे, कारण बहुधा याच गोष्टीचा कोणीतरी विपर्यास केला आहे. क्षार भरमसाठ असले की पाणी त्यांच्याभोवती गुंतते आणि प्रथिन द्रावणाबाहेर पडते. पण तो साका पुन्हा पाण्यात किंवा सौम्य द्रावणात घातला की सहसा परत विरघळतो. प्रयोगशाळेत अमोनियम सल्फेट वापरून प्रथिने वेगळी करतात ती याचसाठी, की त्यांची घडण शाबूत राहावी. घडण खऱ्या अर्थाने उलगडते ती कुकरमधल्या उष्णतेने, आणि त्याने प्रथिन पचायला सोपे होते. त्यातील अमिनो आम्ले कुठेही जात नाहीत.

आता टोफू. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून, गाळून जे दूध मिळते त्यात कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराईड घालतात. उकळल्यामुळे उलगडलेल्या प्रथिनांवर ऋण भार असतो. दोन धन भारांचे कॅल्शियम दोन रेणूंना जोडते, अशी जाळी तयार होते आणि पाणी धरून ठेवते. कॅल्शियम सल्फेटमध्ये पाण्याचे दोन रेणू असले तर ते जिप्सम, आणि जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी घालवले की प्लास्टर ऑफ पॅरिस, एवढे नाते खरे आहे. पण टोफूत जाते ते खाण्यासाठी शुद्ध केलेले कॅल्शियम सल्फेट, लिटरभर दुधाला काही ग्रॅम. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचा क्रमांक 516 असतो. ते भिंतीसारखे घट्ट होत नाही, कारण त्यातले कॅल्शियम प्रथिनांशी बांधले जाते. पोटात आम्लामुळे ही जाळी सुटते आणि कॅल्शियम शरीराला मिळते. म्हणूनच असा टोफू कॅल्शियमचा चांगला स्रोत मानला जातो. जपानमध्ये वापरतात ती निगारी म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर मागे उरणारे कडवट द्रावण. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराईड असते. वयस्कर माणसाला ‘पोटात दगड होईल’ असे सांगून या पदार्थापासून तोडणे मला निर्दयपणाचे वाटते.

डाळ न शिजण्याच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. क्षारांमुळे डाळ शिजत नाही हे खरे, पण ते क्षार कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे, म्हणजे बोअरच्या जड पाण्यातले. ते दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात. साध्या मिठातील सोडियम त्यांची जागा घेऊन पेक्टिन सैल करते, त्यामुळे मिठाच्या पाण्यात भिजवलेले राजमा-छोले उलट लवकर मऊ होतात. खाण्याच्या सोड्याने ते आणखी लवकर शिजतात, पण त्याने ब-1 जीवनसत्त्व घटते, म्हणून तो टाळलेला बरा.

सैंधवाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तेही मुळात सोडियम क्लोराईडच आहे आणि प्रथिनाच्या दृष्टीने दोन्ही मीठ सारखेच. निरनिराळे क्षार प्रथिनांवर निरनिराळा परिणाम करतात हे प्राग येथे फ्रान्झ होफमाइस्टरने 1888 मध्ये दाखवले होते, पण तो फरक सल्फेट, क्लोराईड, थायोसायनेट अशा वेगवेगळ्या आयनांमधला होता. सैंधवात सहसा आयोडीन नसते, एवढा तोटा तेवढा पदरी पडतो.

पावडरींच्या बाबतीत संदेशातील एक धागा खरा आहे. सोया आयसोलेट, म्हणजे सोयाबीनमधून वेगळे काढलेले प्रथिन, बनवताना ते अल्कलीत विरघळवतात, आम्ल घालून सुमारे 4.5 सामूला (pH) खाली बसवतात आणि पुन्हा सोडियम हायड्रॉक्साईडने उदासीन करतात. त्यामुळे 100 ग्रॅम आयसोलेटमध्ये सोडियम एक ग्रॅमच्या आसपास राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला 2 ग्रॅम सोडियमपेक्षा कमी, म्हणजे 5 ग्रॅम मिठापेक्षा कमी आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डब्यावरचा सोडियमचा आकडा वाचूनच पावडर घ्यावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी. साध्या टोफूत मात्र सोडियम अगदी थोडे असते, कारण तो गोठवणारा क्षार सोडियमचा नसतो.