टॅब घ्या, कॉम्प्युटर कशाला? भावोजी, थांबा जरा

'कॉम्प्युटरचा जमाना संपला. स्टीव्ह जॉब्सने २०१० मध्येच सांगितलं होतं. मुलांना टॅब द्या. अभ्यास, कोडिंग, ऑफिसचं काम सगळं त्यावर होतं. डोळ्यांना त्रास नाही, लाईट गेली तरी चालतो.' असा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला. असलं काही मी वाचून सोडून देतो. पण तो वाचून गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या भावोजींनी भाचीसाठी लॅपटॉप घ्यायचं रद्द केलं आणि ती यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला गेली आहे. आता गप्प बसवत नाही.

आधी ॲपलवाल्या जॉब्सचं. २०१० च्या जून महिन्यात एका जाहीर मुलाखतीत तो म्हणाला होता की अमेरिका शेतीवर चालायची तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच होत्या, शहरं वाढली तशा मोटारी आल्या. कॉम्प्युटरही ट्रकसारखे होतील, राहतील, पण कमी लोकांना लागतील. 'राहतील' हा शब्द मेसेजवाल्याने गिळला. ट्रक कशाला लागतो हे डिचोलीत सांगायची गरज नाही. खाणीवरचं खनिज जेटीपर्यंत ट्रकनेच जायचं, आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांनी किती घरांची झोप उडवली ते भावोजींनी पाहिलंय. दारात मोटार आली म्हणून तिच्यात कोणी खनिज भरत नाही. भाची शिकायला निघाली आहे ते काम ट्रकचंच आहे.

'कोडिंग होतं' या वाक्याचा मला सगळ्यात राग आला, कारण नुकसान त्यानेच होणार आहे. रविवारी भाची भावोजींच्या टॅबवर सी भाषेतला दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहीत होती. मी शेजारी बसलो होतो. कीबोर्ड वर आला की अर्धा स्क्रीन झाकला जायचा. अर्धविरामासाठी एकदा पान बदलायचं, महिरपी कंसासाठी दोनदा, मग परत अक्षरांवर यायचं. चूक सातव्या ओळीत दाखवत होता आणि सातवी ओळ कीबोर्डखाली. पोर वीस मिनिटांत कंटाळली. "मामा, मला हे जमणार नाही बहुतेक," म्हणाली. तिला नीट जमतंय; हातातलं साधन चुकीचं आहे.

माझं पटत नसेल तर ॲपलकडे बघा. त्यांच्या टॅबची, म्हणजे आयपॅडची, ॲप बनवायचं त्यांचं मुख्य साधन एक्सकोड. ते फक्त मॅकवर चालतं, आयपॅडवर नाही. २०२१ पासून त्यांच्याच स्विफ्ट प्लेग्राउंड्स या ॲपमधून आयपॅडवरच छोटं ॲप बनवता येतं, हे मान्य. पण एक्सकोडची जागा त्याने घेतलेली नाही. टॅब विकणारी कंपनीच टॅबची ॲप कॉम्प्युटरवर बनवायला सांगते, याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

ऑफिसचं काम म्हणाल तर म्हापशा-मडगावच्या कुठल्याही अकाउंटंटकडे डोकवा. टॅली विंडोजवर चालतं. नकाशे काढायच्या ऑटोकॅडची टॅबवरची आवृत्ती नकाशा बघायला, किरकोळ फेरफार करायला बरी. पूर्ण ड्रॉइंग कॉम्प्युटरवरच होतं.

डोळ्यांचं तर उलटंच आहे. टॅब मुलं नाकाशी धरतात, मॉनिटर हातभर लांब असतो. जवळून तासन्‌तास बघण्याने डोळे जास्त शिणतात.

लाईटचं मात्र खरं आहे. पावसात आपल्याकडे दिवसातून चार वेळा लाईट जाते आणि यूपीएस नसलेला डेस्कटॉप जागच्या जागी बंद पडतो. पण बॅटरी लॅपटॉपलाही असते ना? पीडीएफ वाचायला, लेक्चर बघायला, चित्रं काढायला टॅब छान, यात वाद नाही.

भावोजी, टॅबचे पैसे अजून भरू नका. शनिवारी मी येतो. भाचीच्या प्रॅक्टिकलांची यादी काढून ठेवा. नवा लॅपटॉप परवडत नसेल तर वापरलेला बघू. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असलेला पुरेल, बॅटरी मी तपासून घेतो.