इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या मावशीनं अकरा दिवस इन्सुलिन घेतलं नाही. बाराव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, आणि रात्री दोन वाजता तिला दवाखान्यात न्यावं लागलं. साखर पाचशेच्या वर गेली होती. जरा बरं वाटल्यावर तिनं उशीखालचा मोबाइल काढून मला एक मेसेज दाखवला. ‘नास्तिकांचं तोंड बंद करणारी उत्तरं’ असं त्याचं नाव. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रार्थनेच्या ग्रुपांवर तो मराठीत फिरतोय आणि कन्नडमध्येही. आईकडंही आला होता. तिनं मला हळूच विचारलं, “तू चर्चला येईनास झालास म्हणून असं व्हालंय का रे?”

म्हणून हे लिहितोय. मी नास्तिक आहे, पण घर ख्रिस्ती. बेळगावच्या कॅम्पात वाढलो, संडे स्कूलला वचनं पाठ केली, बायबल मला परकं नाही.

मेसेजचा पहिला मुद्दा असा: विश्वासानं केलेल्या प्रार्थनेनं रोग बरा होतो, औषध घेणं म्हणजे अविश्वास. आधाराला बायबलातल्या याकोबाच्या पत्राचं पाचवं प्रकरण आणि जुन्या करारातल्या आसा राजाची गोष्ट दिलीय. आसानं परमेश्वराला न विचारता वैद्यांना विचारलं आणि तो मेला, अशी. पण त्याच बायबलात प्रेषित पौल आपल्या सोबत्याला, लूकला, ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याचं पोट वारंवार बिघडतं म्हणून त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, प्रार्थना करून गप्प बस म्हणत नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं ही वचनं वाचलीच नसतील असं मी मानत नाही.

वचनांचं राहू दे. प्रार्थनेनं आजार बरा होतो का, हे तपासून झालंय. सहा अमेरिकन रुग्णालयांत हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी बहुतेक पैसा धर्माबद्दल आस्था असलेल्या टेम्पल्टन फाउंडेशननं दिला होता, त्यामुळं हा नास्तिकांचा कट होता असंही कुणाला म्हणता येणार नाही. रुग्णांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एका गटासाठी ख्रिस्ती मंडळ्यांनी नावं घेऊन चौदा दिवस प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना नक्की होणार असं सांगून ती केली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेले रुग्ण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात ५९ टक्के निघाले. तिसऱ्याचा आकडा वाढला तो योगायोगानंही असेल, असं संशोधकांनीच म्हटलंय. मीही त्यावर जोर देत नाही. पण प्रार्थनेनं फायदा झाल्याचं कुठंच दिसलं नाही.

आणि मधुमेहाचं तर उघड आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी असली मुलं महिन्यांत किंवा फार तर थोड्या वर्षांत जात. त्यांच्या आयांनी प्रार्थना केल्या नव्हत्या काय? त्यांचा विश्वास कमी पडला, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

याच्याहून जास्त संताप मला आला तो दुसऱ्या मुद्द्याचा. ‘घरात एक जरी देवाला न मानणारा असेल तर आशीर्वाद अडतो.’ या एका ओळीमुळं माझी आई रात्र-रात्र जागी राहिली. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या प्रकरणात शिष्य जन्मांध माणसाकडं बघून येशूला हेच विचारतात: पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि यांनीही नाही. जुन्या करारात संकटांनी घेरलेल्या ईयोबाला त्याचे मित्र तुझ्याच पापाची फळं म्हणून ऐकवत होते, तर शेवटी परमेश्वर त्या मित्रांवरच रागावतो. मी हे देवाचे शब्द मानत नाही. पण जे मानतात त्यांनी आजाऱ्याच्या उशाशी बसून घरात पापी शोधू नये.

पुढचा मुद्दा जुनाच: देवाची भीती नाही त्याला नीती नाही, बायबलची नीती कधी बदलत नाही. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचं एकविसावं प्रकरण काढा. मालकानं दासाला काठीनं मारलं आणि तो एक-दोन दिवस जगून मेला तर मालकाला शिक्षा नाही, कारण दास त्याचं धन आहे. कुठला पाळक आज यावर प्रवचन देईल? आमच्या चर्चमध्ये हे वचन मी कधी ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही हे बरंच झालं. पण कुठलं वचन सांगायचं आणि कुठलं झाकून ठेवायचं, हे ठरवतं कोण? माणसाचा विवेकच ना? मग तोच विवेक माझ्याकडं नाही, हे कशावरून? समाजसुधारक आगरकरांनी देवाधर्माच्या धाकावर नीती उभी केली नाही. मोठ्या पगाराच्या मागं लागणार नाही, असं आईला लिहिलं आणि तसेच जगले. त्यांना अनीतिमान म्हणून दाखवा.

मेसेज म्हणतो, वाडवडिलांचा विश्वास सोडणं हा घरच्यांचा घात. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. १८५४ मध्ये वाडवडिलांचा धर्म सोडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण त्यांचं नाव अभिमानानं घेतो. विचार करून आत येणारा धाडसी आणि विचार करून बाहेर पडणारा घातकी, हे मला पटत नाही.

मेसेजमध्ये आणखी आहे, की उत्क्रांतीवाल्या डार्विननं मरताना पश्चात्ताप केला. ही गोष्ट खोटी. खुद्द त्याच्या मुलीनं ती नाकारलीय. न्यूटनसारखा शास्त्रज्ञही देव मानायचा, हे त्यातलं खरं, पण तो त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नव्हता. नास्तिक राजवटींनी माणसं छळली, हे मेसेजमधलं म्हणणं मात्र मान्य करावं लागतं. अल्बानियानं १९६७ मध्ये धर्मावरच बंदी घातली, पाद्री तुरुंगात गेले. ते पापच होतं.

राहिला दवाखाने श्रद्धावान मिशनऱ्यांनी उभारले हा मुद्दा, तोही खरा आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उघडला. माझी आजी घटप्रभा, कुडची, उगार करत रेल्वेनं तिथंच जायची. वानलेस श्रद्धावान होते, पण त्यांनी मिरजेत ऑपरेशन थिएटर उभारलं, डॉक्टर घडवले. औषध हा अविश्वास असता तर ते मिरजेला कशाला आले असते? त्यांचं नाव घेऊन इन्सुलिन बंद करायला सांगणं हा त्यांचा अपमान आहे.

मावशी आता घरी आहे. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवलंय. सकाळी मीच जाऊन टोचतो. ती आधी डोळे मिटून प्रार्थना करते, तेवढा वेळ मी सिरिंज हातात धरून थांबतो. आमेन म्हणाली की टोचतो.