शंभरातले तीन गेले कुठे?

नेट साफ बंद पडलं तर ते एक सुखच असतं. डब्यावर लाल दिवा लागतो, घरातले सगळे एकमतानं कंपनीचा उद्धार करतात, आणि माणूस ऑफिसात 'नेट गेलंय' एवढं कळवून सात रस्त्याला चहा प्यायला मोकळा होतो. खरा छळ नेट चालू असताना होतो. दिवे सगळे हिरवे, आईचं यूट्यूबवरचं कीर्तन अखंड सुरू, आणि पुण्याच्या मीटिंगमध्ये मी मात्र तुकड्यातुकड्यांनी पोचतोय.

पुण्यातल्या कंपनीचं काम मी सोलापुरात विजापूर रोडला घरी बसून करतो. एकदा साहेबांनी कामाचं विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारपर्यंत होणार नाही." पुण्याला पोचलं ते 'शुक्रवारपर्यंत होणार' एवढंच. 'नाही' बहुतेक टेंभुर्णीच्या आसपास गळालं. साहेब खूश झाले, सगळ्यांसमोर माझं कौतुकही केलं. शुक्रवारी काय झालं ते इथं सांगत नाही.

याला म्हणायचं पॅकेट लॉस. आपण जे बोलतो, बघतो, पाठवतो, त्याचे नेटवर जास्तीत जास्त १५०० बाइटचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा सुटा प्रवास करतो. वेबपानाचा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. यूट्यूब तर पुढचा मजकूर आधीच भरून ठेवतं, त्यामुळे बुवांच्या निरूपणाला धक्का लागत नाही. बोलण्याचं तसं नाही. हरवलेलं 'नाही' पुन्हा मागवेपर्यंत साहेब पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. शंभरातले दोन-तीन तुकडे पडले तरी माणूस तोतरा वाटायला लागतो.

हे कस्टमर केअरला पटवून देणं म्हणजे वेगळीच तपश्चर्या. तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणते, "सर, राउटर बंद करून चालू करा." केलंय म्हटलं तरी पुन्हा करायला लावते. मग स्पीड टेस्ट. आकडा येतो ९७. "सर, आपला प्लॅन १०० चा आहे, ९७ येतंय, म्हणजे नेट उत्तम आहे." आता ही टेस्ट एकाच वेळी बऱ्याच जोडण्या उघडून डेटा ओढते आणि पडलेले तुकडे गुपचूप पुन्हा मागवून घेते, त्यामुळे गळती आकड्यात दिसत नाही, हे मी त्या मुलीला सांगायला गेलो. ती म्हणाली, "सर, आपला आवाज तुटतोय."

शेवटी मी पिंगला शरण गेलो. १९८३ साली अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीतलं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, त्यावरून नाव पडलं पिंग. समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि 'ओ' येते का बघायचं, बस. विंडोजमध्ये हा चार हाका मारून गप्प बसतो. चार हाकांत गळती सापडणं कठीण, म्हणून पुढे 'टी' लावून त्याला दिवसभर ओरडत ठेवायचं.

पहिली हाक घरातल्याच राउटरला, १९२.१६८.१.१ ला. तिथून एकही 'ओ' चुकली नाही. म्हणजे वायफाय निर्दोष. (तरी खात्रीसाठी लॅपटॉपला केबल लावून पाहिलं. केबल हॉलमधून आडवी गेली, आई अडखळली आणि वायफायच कसं चांगलं ते मला नीट समजावून सांगण्यात आलं.) दुसरी हाक गूगलच्या सर्व्हरला, ८.८.८.८ ला. तिथं मात्र ओळीमागून ओळी चांगल्या यायच्या आणि मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पुन्हा चांगल्या, पुन्हा एक दांडी. दोष घराच्या बाहेर, राउटरच्या पलीकडे, एवढं ठरलं.

इथं भाचा उपटला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. त्यानं ट्रेसरूट, म्हणजे वाटेतल्या एकेका यंत्राला हाक मारत जाणारा प्रोग्रॅम, चालवला आणि तिसऱ्या टप्प्यावर उत्तराऐवजी तीन चांदण्या दिसताच जाहीर केलं, "मामा, इथंच मेलंय बे सगळं." त्याला सांगितलं, अरे, वाटेतली कित्येक यंत्रं अशा हाकांना उत्तर देतच नाहीत, किंवा सवड मिळाली तर देतात. पुढचे सगळे टप्पे व्यवस्थित उत्तर देत असतील तर मधल्याच्या चांदण्यांना अर्थ नाही. गळती शेवटच्या मुक्कामापर्यंत दिसली तरच ती खरी. भाच्याला हे पटलं नाही. त्याला तिसरा टप्पाच हवा होता.

कंपनीचा माणूस यायचा, नाही असं नाही. तक्रारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायचा आणि नेमकं तेव्हा नेट धुतल्या तांदळासारखं असायचं. तो स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा. "येतंय की ओ मालक!" मी पिंग दाखवायचो, तर पिंगही त्याच्याच बाजूनं.

मग मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गळतीच्या दिवसांना फुल्या मारायला लागलो. त्याच कॅलेंडरवर आई गोल करते. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. उजनी भरलेलं असो की आटलेलं, आमच्याकडे तीन-चार दिवसांआडच, त्यामुळे पाण्याचा दिवस सणासारखा लिहून ठेवावा लागतो. दोन-तीन आठवड्यांत असं दिसलं, की माझी प्रत्येक फुली आईच्या गोलाच्या आत पडतेय.

पाणी आलं की नेट गळतं! भाचा हसला. मी मात्र थेट मोटरवर आळ घेतला: मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं, राउटर गांगरतो. राउटर इन्व्हर्टरवर टाकला. गळती तशीच. आणि मोटर बंद केल्यावर जोर आणखी वाढला, साधारण नऊ-दहाच्या सुमारास. दुपारी बारानंतर आपोआप सगळं ठीक.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी नऊ वाजता तक्रार नोंदवली आणि कंपनीच्या त्या पोराला खासगीत फोन करून 'आत्ताच्या आत्ता ये' म्हटलं. शेंगाचटणीचं आमिष दाखवलं. तो आला. मोटरची कथा ऐकून म्हणाला, "मालक, नेटच्या या वायरीत, फायबरमध्ये, काच असते, तिच्यातून प्रकाश जातो, तिला मोटरचं काय?" डब्याच्या मागची हिरवी पिन काढून त्यानं हातातल्या मीटरमध्ये खोचली. उणे २८. त्याचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. हे प्रकाशाचं माप. तीन आकडे खाली गेलं की प्रकाश निम्मा होतो, आणि उणे २७ च्या खाली डब्याला धड दिसत नाही. "वायर कुठनं आलीय?" गच्चीवरून.

भाच्याला वर पिटाळलं. फोनवर त्याचा आवाज आला, "मामा, वायर दिसत नाही. चादरी आहेत नुसत्या."

मे महिना, आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. पाणी आलं की आई आधी चादरी धुते. सोलापुरी चादर कोरडी असतानाच वजनदार, ओली असली तर दोन माणसांनी पिळावी लागते. आणि कनेक्शन देताना खांब रोवायचा कंटाळा म्हणून कुणीतरी ती फायबर वाळत घालायच्या तारेलाच पट्ट्यांनी बांधून टाकली होती. चादर पडली की तार झोळ खाणार, पट्टीपाशी फायबर मुडपणार, आणि मुडपलेल्या काचेतून प्रकाश बाहेर सांडणार.

"एक चादर उचल बघू," पोरगा फोनवर म्हणाला. उणे २६. "अजून एक." उणे २३. शेवटची उचलली तेव्हा उणे २१. म्हणजे चादरी असताना आमच्या डब्यापर्यंत प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा पोचत होता. बारापर्यंत सोलापूरचं ऊन त्या चादरी कडकडीत करायचं आणि माझं नेट सुधारायचं. भाचा वर दोन्ही हातांत ओल्या चादरी धरून उभा, "मामा, ठेवू का खाली?"

फायबर दुसरीकडून न्यायची तर 'शिफ्टिंग'चे पैसे भरून नवी तक्रार टाकावी लागते म्हणे. तेव्हा पोरानं व्यवहारी मार्ग काढला: फायबर जिथल्या तिथे ठेवली आणि टाकीपलीकडे आईला नायलॉनची नवी दोरी बांधून दिली. आईला ती पसंत नाही, तिथं अकरालाच सावली येते. शेंगाचटणीचा डबा घेऊन जाताना तो म्हणाला, "मालक, पाच स्टार द्या, चार दिले की मला फोन येतो."

संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला: आपली तक्रार निवारण झाली आहे. कारण: राउटर रीस्टार्ट केला.

आईनं चष्मा लावून तो वाचला. म्हणाली, "मग माझी दोरी का हलवली?"