पान रंगवलं कुणी?

गेले काही दिवस एक मेसेज आमच्या इकडच्या बहुतेक ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ग्राफिक डिझाइन आणि इलस्ट्रेशन पुरुषांनी घडवलं. बायकांची कला म्हणजे उंबऱ्यापुरती रांगोळी. वारली म्हटलं की जिव्या सोमा म्हसे, गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) म्हटलं की चितारी. बायकांनी काही केलं असतं तर नाव राहिलं नसतं का? मी सावंतवाडीत लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या डिझाइन करते. हा मेसेज मला तिघा ओळखीच्या माणसांनी पाठवला. तिघांनाही हेच उत्तर.

आधी वारली. म्हसे थोर कलाकार. २०११ची पद्मश्री त्यांना मिळाली ती योग्यच. पण डहाणू-तलासरीकडे लग्नघरात चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, लिहायचा मान सवाशिणींचा. हो, ‘लिहायचा’च म्हणतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी टोकाला चावून मऊ करायची आणि गेरूच्या भिंतीवर पालघाट देवीचा चौक उभा करायचा. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तीही बाईच. १९७०च्या सुमारास हस्तकलेचे सरकारी लोक कागद-रंग घेऊन पाड्यांवर आले, त्यानंतर पुरुष मोठ्या प्रमाणावर चित्रं काढू लागले. कागद विकला गेला, प्रदर्शनात टांगला गेला, त्यावर सही आली. भिंत पुढच्या सारवणात गेली. सवाशिणींची नावं राहिली नाहीत ती एवढ्यासाठी.

आता गंजिफा. ही कला चितारी घराण्यांची, हे खरंच. मेसेज तिथेच थांबतो. दशावतारी डावात १२० पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. परशुरामाचं अठ्ठ्याचं पान हातात घेऊन बघा: तळहातात मावणाऱ्या गोल चकतीत आठ परशू असे बसवलेत की खेळणाऱ्याला मोजावे लागत नाहीत, बघताक्षणी आठ कळतात. मी रोज पत्रिकेतल्या मजकुराशी हीच झटापट करते, म्हणून सांगते, हे निव्वळ ग्राफिक डिझाइन आहे. १९७०च्या दशकात ही कला जवळजवळ संपली होती. तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले वृद्ध पुंडलिक चितारींकडे शिकायला बसल्या, स्वतः पानं रंगवू लागल्या आणि पती शिवरामराजांसोबत त्यांनी राजवाड्यात नव्या मुलामुलींना शिकवून ती पुन्हा उभी केली. आज दरबार हॉलमध्ये ब्रश घेऊन बसलेल्यांत बायकाही आहेत. इथे राहून हे माहीत नसावं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

रांगोळीला ‘उंबऱ्यापुरती’ म्हणणाऱ्याने एकदा ठिपके मांडून बघावेत. एक ठिपका चुकला की अख्खी आकृती कलते. पानाची आखणी मी आधी आईच्या अंगणात शिकले, कॉम्प्युटरवर नंतर.

बाहेरच्या जगाबद्दल फार लिहीत नाही. नायकीची खूण १९७१मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढली, बिल झालं ३५ डॉलर. १९८४च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवरची चित्रचिन्हं सुझन केअर यांची. इंग्लंडमध्ये छपाईची अक्षरं बनवणाऱ्या मोनोटाइप कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात अक्षरांचे मोठे आराखडे केसाएवढ्या मापात आखणाऱ्या बहुतांश मुलीच होत्या. टाइप, म्हणजे अक्षरांचा संच, ओळखला जायचा तो मूळ डिझायनरच्या नावाने.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘नाव राहिलं नसतं का’. आपल्या गंजिफांसारखीच तिकडे टॅरोची, म्हणजे भविष्य बघायची, पानं असतात. १९०९मध्ये लंडनहून निघालेला त्यांचा सगळ्यांत प्रसिद्ध संच पामेला कोलमन स्मिथ यांनी काढला, ७८च्या ७८ पानं. ‘खूप मोठं काम, पैसे अगदी थोडे’ अशा अर्थाचं त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं. १९५१मध्ये त्या गेल्या तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं तो संच ‘रायडर-वेट’ म्हणूनच विकला गेला: रायडर प्रकाशक, वेट मजकूर लिहिणारे. नाव मात्र पामेलाने घातलं होतं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात नागमोडी वळणाची तिची आद्याक्षरं आहेत, आजही वाचता येतात.