उणे नऊशे अकरा

रात्री दीडला जागा असलेला इंदूरकर सराफ्याच्या खाऊगल्लीतच असणार, असं लोक धरून चालतात. मी मात्र रामबागेतल्या घरी लॅपटॉपसमोर असतो, परदेशातल्या एका बँकेच्या मेनफ्रेमच्या, म्हणजे तिच्या अजस्र मुख्य संगणकाच्या, तैनातीत. फोन वाजतो. "भिया, -९११." नमस्कार नाही, चमत्कार नाही.

-९११ म्हणजे तुमच्या जॉबला, म्हणजे मेनफ्रेमवर चालणाऱ्या कामाला, हवं ते दुसऱ्या जॉबने लॉक करून ठेवलंय, म्हणून डीबी-टू या डेटाबेसने तुमचं शेवटच्या कमिटनंतरचं, म्हणजे बदल शेवटचे पक्के केल्यानंतरचं, सगळं काम पुसून टाकलं. सोबतचा कारण-कोड ००सी९००८ई असेल तर टाइमआउट, ००सी९००८८ असेल तर डेडलॉक. टाइमआउटचा न्याय मला आजवर पटलेला नाही. लॉक धरून बसलेला खुशाल बसतो आणि रांगेत अर्धा मिनिट सभ्यपणे उभा राहिलेला मरतो!

डेडलॉकची तऱ्हा वेगळी. एकाने खाती धरली, दुसऱ्याने लेजर, आणि आता दोघांनाही समोरच्याच्या हातातलंच हवंय. पाणी प्यायला उठलेल्या आईला हे सांगितलं.

"मग मोठ्याने सोडावं की रे."

"नाही गं, ज्याच्या बदलांच्या लॉगमध्ये नोंदी कमी, सहसा त्यालाच मारतात."

"म्हणजे धाकट्यालाच. आपल्या वाड्याच्या वाटणीत वेगळं काय झालं होतं?"

आमचा गुन्हेगार मात्र उघड होता. डीएसएनटी३७६आय हा मेसेज लॉक धरणाऱ्याचं नावच छापतो: व्याजाचा जॉब. त्यातला कोबोल भाषेतला प्रोग्राम डेटाबेसमधल्या लाखो ओळी बदलतो आणि कमिट करतो शेवटी, एकदाच. दर हजार ओळींमागे कमिट टाका, हा उपाय शिकाऊ पोरांनाही ठाऊक आहे. पण मग मधेच जॉब पडला तर तिथूनच पुढे चालू करायची सोय लिहावी लागते, आणि त्या प्रोग्रामला हात लावायला कुणी धजत नाही. सराफ्यात सोन्याच्या दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस शिजू लागतो. सराफांना जमतं ते व्याजवाल्यांना का जमू नये?

शेवटी मीटिंग झाली. "तुमचा जॉब हलवा", "आधी तुमचा हलवा" असं बराच वेळ चाललं. मग दोन्हीकडे एकदम समजूतदारपणा संचारला. आम्ही आमचा जॉब तीनला नेला. त्यांनीही, आम्हाला त्रास नको म्हणून, त्यांचा तीनला नेला. दोन्ही बदलांना एकाच माणसाने, एकाच दुपारी मंजुरी दिली. तो म्हणतो, दोन्ही फॉर्म अगदी व्यवस्थित भरलेले होते.