एफडी मोडायची नाही

आमच्या घरात कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, कोणाला किती पेन्शन बसली, हे सगळं गॅलरीत उभं राहून बोलतात. कर्जाचा विषय निघाला की मात्र आधी उठून पंखा मोठा करतात. घराचं कर्ज यातून वगळलेलं आहे. त्याला कर्ज म्हणत नाहीत, ‘फ्लॅटचे हप्ते’ म्हणतात आणि ते अभिमानाने सांगतात.

अशा घरात भाच्याच्या क्रेडिट कार्डाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. नात्यात कॉमर्सचा मी एकटाच. बाकी सगळे सायन्सचे, त्यामुळे टक्केवारी मला काढावी लागते.

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने साठ हजारांचा फोन कार्डावर घेतला आणि ‘बिल दर महिन्याला वेळेवर भरतो’ असं आईला सांगत राहिला. खोटं काहीच नव्हतं त्यात. स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू, त्यातला तो धाकटा भरत होता.

‘मामा, मिनिमम भरलं की बँक काही बोलत नाही,’ तो म्हणाला.

बँक कशाला बोलेल? रविवारी दुपारी, झोपेच्या वेळेला, मी त्याच्यासमोर कागद घेतला. बाकी ६०,०००. व्याज महिना पावणेचार टक्के, म्हणजे २,२५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४०५. झाले २,६५५. मिनिमम ड्यू पाच टक्क्यांनी ३,०००. म्हणजे तीन हजार भरून फोनच्या किमतीत फिटले ३४५ रुपये. एवढ्यात हल्ली चौघांचा नाश्तासुद्धा होत नाही.

‘पण पावणेचारच टक्के ना?’ भाचा म्हणाला. इंजिनिअर झालेल्या मुलाला बाराने गुणून दाखवावं लागलं. पंचेचाळीस. जीएसटी धरला तर त्रेपन्नच्या पुढे. ‘फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल’ अशा अर्थाची सूचना रिझर्व्ह बँकेने स्टेटमेंटवर सक्तीने छापायला लावली आहे. भाच्याने ती सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखी रोज पाहिली होती.

पुढचं तर त्याला माहीतच नव्हतं. ते चाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी कौतुक फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला असतं. बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही कार्ड घासल्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणजे शनिवारी मित्रांना खाऊ घातलेली मिसळ आणि वर मागवलेला जादा पाव, सगळं व्याजासकट पचत होतं. आणि हा मात्र ‘बँकेने माझं लिमिट दोन लाख केलं’ हे बढती मिळाल्यासारखं सांगत होता. ताईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती.

आता गंमत अशी, की याच भाच्याची एक लाखाची एफडी होती. पहिल्या पगारातून ताईने करायला लावलेली, साडेसहा टक्क्यांची. मी म्हटलं, ती मोड आणि कार्ड फेड.

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. ताई पदराला हात पुसत बाहेर आली.

‘एफडी मोडायची नाही.’

‘अगं, साडेसहा टक्के मिळतायत आणि पंचेचाळीस जातायत!’

‘जाऊ देत. एफडी मोडली की मोडायची सवय लागते. आणि मुदतीआधी मोडली तर एक टक्का कापतात.’

एक टक्का! त्या एका टक्क्याच्या भीतीने या राज्यात किती संसार पंचेचाळीस टक्के भरत असतील, देव जाणे.

तोवर अण्णा जागे झाले. अण्णा कोर्टात कारकून होते. स्वतःचं कार्ड त्यांनी एकदाच वापरलं, औषधाच्या दुकानात, आणि त्याच संध्याकाळी बँकेत जाऊन पैसे भरून आले. बिल यायचं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काका, अजून काही ड्यूच नाही.’ अण्णा म्हणाले, ‘म्हणूनच आलोय.’

त्यांनी दर विचारला. मी सांगितला. ‘दामदुपटीचा नियम होता,’ ते म्हणाले, ‘थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नसे.’ मी म्हटलं, अण्णा, ते बँकेला लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलं.

‘आणि सावकाराला किती घेता येतं?’

२०१४ च्या सावकारी कायद्याखाली महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं, तर वर्षाला १८ टक्के. हे ऐकून अण्णा बराच वेळ भाच्याच्या हातातल्या त्या सोनेरी कार्डाकडे बघत राहिले. मग १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं कशी जाळली, ते सांगायला लागले. भाच्याने नम्रपणे सांगितलं, आजोबा, आता पीडीएफ येते आणि तिला पासवर्ड असतो.

शेवटी अण्णाच म्हणाले, ‘साठ हजार मी देतो. बिनव्याजी. सावकाश फेड.’

मला वाटलं, सुटलो. भाच्याचा चेहरा मात्र पडला. जिन्यात मला गाठून म्हणाला, ‘मामा, नको. आजोबांचे घेतले की दिवाळीत नवा शर्ट घातला तरी बघतील. मावशीला कळेल, मावशीकडून अख्ख्या साताऱ्याला कळेल. बँक कशी, विचारत नाही.’

या मुलाला व्याजाचा दर कळत नाही असं मी उगाच समजत होतो. दर त्याला नेमका ठाऊक होता. हातउसने शून्य टक्क्याने मिळतात आणि वर आयुष्यभर ऐकावं लागतं. कार्ड पंचेचाळीस टक्के घेतं आणि तोंड बंद ठेवतं. आमच्यात लाज व्याजाची नसतेच, मागण्याची असते. आणि मशीनवर कार्ड टेकवण्याला मागणं म्हणत नाहीत. माझ्या ओळखीत सोनं गहाण टाकायला दुसऱ्या पेठेत जाणारी माणसं आहेत. तिथे दर जास्त असला तरी चालतो, फक्त ओळखीचं कोणी भेटता कामा नये.

तरी मी त्याला हिसका दिला. सोमवारी सुट्टी काढ, शाखेत जा, एफडी मोड, कार्ड फेड, आईला मी सांगतो. दुपारी त्याचा फोन आला, आवाजात उत्साह.

‘मामा, मॅडम फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, एफडी कशाला मोडता? ती तारण राहू दे, तिच्यावर आम्ही दुसरं क्रेडिट कार्ड देतो. लाइफटाइम फ्री!’

मागून ताईचा आवाज आला, ‘मोडली नाही ना? मग झालं.’