फवारणीवर बोलू, पण आधी रक्तावर

द्राक्षाचा हंगाम आला की आमच्या नाशिकच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॅन्सरची चर्चा पेटते. एकांचं म्हणणं, निफाड-दिंडोरीची फवारणीच आपल्या जिवावर उठली आहे. दुसरे हळद-कडुनिंबाचे व्हिडिओ पाठवतात. मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरवर काम करते, म्हणून शेवटी प्रश्न माझ्याकडे येतो: "ताई, तू सांग, कशानं होतो?"

फवारणीची काळजी खोटी नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं नाकारली होती. आज अंश तपासल्याशिवाय निर्यातीचा कंटेनर हलत नाही. हीच शिस्त आपल्या बाजारातल्या घडालाही हवी, आणि त्याआधी फवारणाऱ्या माणसाच्या तोंडावर मास्क नि हातात मोजे हवेत, कारण सगळ्यांत जास्त औषध त्याच्याच अंगावर उडतं. पण आतड्याच्या कॅन्सरची पक्की माहीत असलेली कारणं वेगळी आहेत: वाढतं वय, घराण्यातला इतिहास, लठ्ठपणा, दारू, तंबाखू, सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस. द्राक्षांना या यादीत बसवण्याइतका पुरावा माझ्यासमोर नाही.

हळदीचं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा कॅन्सर हळद-कडुनिंब असलेल्या आहारानं बरा झाल्याचं सांगितलं आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना जाहीर खुलासा करावा लागला. सिद्धूंच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही झाले होते. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या कॅन्सरपेशी मारतं, हे खरं आहे. पण प्लेटमध्ये पुष्कळ गोष्टी पेशी मारतात. पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं, आणि व्हिडिओत नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

आमच्या कामाची पद्धत याच गावात घडली. २००९ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या इथल्या प्रयोगशाळेनं आतड्याच्या एका मूळपेशीपासून (स्टेम सेल) प्लेटमध्ये इवलंसं आतडं वाढवून दाखवलं. आता रुग्णाच्या गाठीचा तुकडा ऑपरेशन थिएटरमधून बर्फावर येतो. मी तो बारीक चिरते, विकरांनी सुटा करते, थंड जेलमध्ये कालवून त्याचे थेंब प्लेटवर सोडते. ३७ अंशांवर जेल घट्ट होतं आणि काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली गोळे दिसू लागतात. मग औषध घालायचं. फ्लुरोयुरासिल या केमोच्या औषधानं एका रुग्णाचे गोळे काळवंडून विरतात, दुसऱ्याचे तसेच वाढत राहतात. आजार एकच, पण प्रत्येकाचा कॅन्सर निराळा, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. या गोळ्यांत आपल्याकडच्या रुग्णांचे फारच थोडे. भारतात तरुण वयातले रुग्ण आणि सिग्नेट रिंग प्रकारच्या (पेशी खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या) गाठी तुलनेनं जास्त आढळतात, म्हणून ही उणीव मला फार टोचते.

या आजारानं आपल्याला एक मोठी सवलत दिलेली आहे. साध्या पॉलिपमध्ये, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या छोट्या उंचवट्यात, आधी बहुधा एपीसी जनुक बिघडतो, मग केआरएएस, मग पी५३. कॅन्सर व्हायला बऱ्याचदा दहा-एक वर्षं जातात. तेवढ्यात पॉलिप सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो. याच भरवशावर नेदरलँड्समध्ये २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झालेल्या मोहिमेत ५५ ते ७५ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी शौचातलं न दिसणारं रक्त तपासायची नळी टपालानं येते. नमुना घरी घ्यायचा, पाकिटात घालून परत टाकायचा. रक्त निघालं तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी.

हे जसंच्या तसं नाशिकला आणा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण इथल्यापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि कोलोनोस्कोपी करणारे हात मोजके. सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला अग्रक्रम दिला आहे, तो योग्यच आहे.

पण डोळ्यांना दिसणाऱ्या रक्ताचं काय? सिडकोतल्या आमच्या ओळखीच्या एका काकांना शौचातून रक्त जायचं. मूळव्याधच असणार म्हणून त्यांनी दीड-दोन वर्षं चूर्णावर काढली. कोणीही गुदद्वारात बोट घालून तपासलं नाही. दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा गुदाशयातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. असे किस्से घरोघरी ऐकू येतात, आणि फवारणीच्या वादात त्यांचा उल्लेखसुद्धा होत नाही. रक्त बहुतेकदा मूळव्याधीचंच असतं, पण ते तपासून ठरायला हवं, अंदाजानं नव्हे. लाजेपायी हे दुखणं अंगावर काढणारी माणसं मी माझ्याच घरात पाहिली आहेत, बायका तर जास्तच.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या, मग तो कुठल्याही पॅथीचा असो, हातून बोटाची तपासणी सुटता कामा नये. आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना: रक्त गेलं, शौचाची सवय बदलून काही आठवडे झाले, वजन उतरलं किंवा चाळिशीनंतर हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरलं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "दुर्बिणीची तपासणी करायची का?" आईवडिलांना किंवा भावंडांना हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही विचारा. डॉक्टर टाळत असतील तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.